मांडव दारात, लग्न महेश्वरला

प्रश्न

ताई, सादर नमस्कार. मी शिरपूर तालुक्यातली, वय ४१. सासर आणि माहेर एकाच तालुक्यात, मध्ये जेमतेम ११ किलोमीटर. वडील जाऊन सहा वर्षं झाली. आई माहेरी असते, शेजारच्या घरात थोरले काका. त्यांना आम्ही सगळे जिभाऊ म्हणतो. शेती अजून एकत्रच आहे. कापूस आणि थोडी केळी.

माझा भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, पुण्यात नोकरीला आहे. त्याचं लग्न ठरलंय. मुलगी इंदूरच्या मराठी घरातली, दोघं एकाच कंपनीत. तुळशीचं लग्न झालं की महेश्वरला, नर्मदेच्या घाटाजवळ लग्न करायचं असं दोघांनी ठरवलंय. दोन्हीकडची मिळून १२० माणसं. खोल्याही बघून ठेवल्यात.

जिभाऊंनी हे जेवताना ऐकलं आणि ताट सरकवलं. म्हणाले, “आठे (इथे) काय कमी शे? आख्खं गाव जेवाडूत, पन लगीन आठेच व्हई.” आमच्या भाऊबंदांचीच ६० घरं आहेत, त्यातली दहासुद्धा १२० माणसांत बसत नाहीत. शिवाय ते दिवस कापूस वेचणीचे. आई म्हणते, “तुम्ही करशात ते खरं,” आणि चुलीकडे तोंड करून बसते. भाऊ रोज फोन करतो, “ताई, तू सगळ्यांना समजाव.” यजमान म्हणतात, तू मध्ये पडू नकोस. लग्न तिकडे झालं तर जिभाऊ येणार नाहीत, इकडे झालं तर भावाचं मन मोडेल. मी भावाला थांबवू का? आणि थांबवायचं नसेल तर एवढ्या माणसांचं करू काय?

— एक बहीण, शिरपूर तालुका

उत्तर

लेकी, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा जिभाऊंनी सरकवलेल्या ताटापाशी थांबले. त्यावर येतेच. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. भावाला थांबवू नकोस. ओढूनताणून लग्न दारात आणलंस तर नवरा-नवरी स्वतःच्याच मांडवात पाहुण्यासारखी उभी राहतील, आणि त्याचा बोल आयुष्यभर तुझ्यावर येईल.

आता जिभाऊंचं. रीतीनं पाहिलं तर लग्न मुलीच्या दारी लागतं. वऱ्हाड घेऊन जाणं आपल्याला नवीन नाही. माझ्या आजीच्या लग्नाला वऱ्हाड दमण्या जुंपून आलं होतं आणि वाटेत तापीकाठी त्यांचा मुक्काम पडला होता, हे तिनं मला कितीदा सांगितलंय. तुझी भावजय इंदूरची. लग्न इंदूरला ठरलं असतं तर जिभाऊ काही न बोलता बसमध्ये बसले असते आणि शिरपूर, सेंधवा, जुलवानिया, खलघाट, धामनोद करत याच रस्त्यानं गेले असते. महेश्वर तर इंदूरच्या अलीकडे आहे. धामनोदला उजवीकडे वळलं की बारा-तेरा किलोमीटर. तेव्हा अंतर ही अडचण नाही, आणि “आठेच” ही रीतही नाही.

अडचण अशी की इंदूरला मुलीचं घर असतं. दारात विहीण उभी राहिली असती, व्याह्यांनी जिभाऊंच्या डोक्यावर टोपी घातली असती, खांद्यावर टॉवेल ठेवला असता. महेश्वरला ना आपलं घर, ना त्यांचं. तिथे जिभाऊ कोण? १२० नावांतलं एक नाव आणि एक खोली. तुझे वडील गेल्यावर सहा वर्षं ज्यांनी तुमचं शेत आपल्या शेताबरोबर वाहिलं, त्यांच्या मनात पुतण्याच्या लग्नाचं यजमानपण असणारच. ते त्यांना न विचारता त्यांच्या हातून गेलं. ताट त्यासाठी सरकलं.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या धाकट्या भावाचं लग्न १४ वर्षांपूर्वी असंच बाहेर झालं, पुण्याच्या पलीकडे घाटातल्या एका रिसॉर्टवर. तुळशीच्या लग्नानंतरचा चौथा दिवस होता. माझी फुई, म्हणजे वडिलांची सख्खी बहीण, तेव्हा ७३ वर्षांची. पारोळ्याहून रात्रभराचा प्रवास करून, गाड्या बदलत आली. आम्ही बायका आत मेंदीला बसलो होतो. तिथल्या पोरानं तिला विचारलं, खोली कोणाच्या नावावर आहे? तिनं माझ्या वडिलांचं नाव सांगितलं. वडील जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, पण तिच्या लेखी ते घर त्यांचंच होतं ना. त्या नावावर खोली नव्हती. पोरानं वही बघितली आणि नाही म्हणाला. दुपारी चार वाजल्यापासून ती बाहेरच्या कोचावर बसून राहिली, मांडीवर पितळी डबा, डब्यात नव्या नवरीसाठी केलेल्या सांजोऱ्या. पावणेनऊला माझ्या भाच्याची नजर गेली.

ती भांडली नाही. दुसऱ्या दिवशी अक्षता टाकल्या, नवरीच्या तोंडात सांजोरीचा तुकडा भरवला आणि मिळेल त्या गाडीनं परत गेली. पुढच्या पाच आखाज्या, म्हणजे पाच अक्षय्य तृतीया, ती माहेरी आली नाही. आखाजीला लेक माहेरी न येणं म्हणजे काय, हे तुला खानदेशात सांगायला नको. सहाव्या वर्षी मी पारोळ्याला जाऊन तिच्या ओट्यावर बसले, तेव्हा आली.

रिसॉर्टची चूक नव्हती. आम्ही फुलं, रोषणाई, वाजंत्री सगळं ठरवलं होतं. उंबरा कोणता, हे ठरवायचं राहिलं होतं. म्हणून बाहेरगावच्या लग्नाविषयी कुणी विचारलं की मी म्हणते, उंबरा बरोबर न्या.

तुझ्या भावाला सांग, हॉटेलची तळमजल्यावरची, दाराजवळची एक मोठी खोली “घर” म्हणून घे. नवरदेवाची नको, तुझ्या आईची. तिथे देवाचा पाट, कुंकवाची कोयरी, चहाचा थर्मास, चिवड्याचा डबा आणि खाली अंथरलेली सतरंजी. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. बसमधून उतरणारा प्रत्येक माणूस आधी त्या दारात येईल, पाणी पिईल, मग आपल्या खोलीत जाईल. दारात सतत कुणीतरी हवं. तू एकटी पुरणार नाहीस, भाच्या-पुतण्यांच्या पाळ्या लाव. खोल्यांची यादी मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून त्याच दारावर चिकटवा, फोनवर पाठवून भागत नाही. हॉटेलवाले खोल्या साधारण दुपारीच ताब्यात देतात आणि बस सकाळी पोचते. म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या चार-पाच खोल्यांचं आदल्या रात्रीपासूनचं भाडं भरावं. एवढ्या खर्चात कुणी कोचावर बसून राहत नाही.

मांडव मात्र दारातच टाका. देवक बसवणं, हळद आणि गावजेवण तुमच्या अंगणात, महेश्वरला निघण्याच्या दोन दिवस आधी. आधी, हे मी मुद्दाम सांगते. हल्ली पोरं बाहेर लग्न करून येतात आणि मग गावात रिसेप्शन ठेवतात. त्या जेवणाला चव नसते. लग्न होऊन गेलेलं असतं, नवरा-नवरी थकलेली असतात, आणि गावाला वाटतं की उरलेल्यांची समजूत काढायला बोलावलंय. हळदीच्या दिवशी जेवलेला माणूस लग्न लावून देणाऱ्यांतला असतो. तुमच्या भाऊबंदांच्या साठ घरांतली पन्नास घरं महेश्वरला आली नाहीत तरी नवरदेव त्यांच्या हातची हळद लावून गेलेला असतो. चूलबंद आवतन, म्हणजे घरातल्या सगळ्यांनाच जेवायचं बोलावणं, द्यायचं ते या दिवसाचं. आणि ते द्यायला जिभाऊंनी आणि तुझ्या भावानं जोडीनं घरोघर फिरायचं.

दिवस कोणता? तुमच्या बाजूचा आठवडे बाजार ज्या वारी भरतो तो. त्या दिवशी मजूर वेचणीला येत नाहीत, शेतं रिकामी असतात, म्हणून त्या दिवसाचं आवतन कुणाला जड जात नाही. कापसाच्या दिवसांत हे बघितलं नाही तर लोक जेवायला येतात, पण अर्धं लक्ष शेतात असतं. तसंच गुरांचं. दूध कोण काढणार, पाणी कोण दाखवणार, हे ठरल्याशिवाय शेतकऱ्याचं घर दोन दिवस बाहेर पडत नाही. महिनाभर आधी उघडपणे विचारून टाका. जे भाऊबंद महेश्वरला येणार नाहीत त्यांच्यातलंच कुणीतरी हौसेनं गुरं सांभाळेल, आणि सालदाराला एकट्याला अडकवून ठेवावं लागणार नाही. त्यालाही बसमध्ये जागा ठेवा.

जेवण वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. पंगत केळीच्या पानांवर, पानं तुमच्याच बागेतली. जमलं तर खापरावरचे मांडे करणाऱ्या बायका बोलवा. मांडे महेश्वरला न्यायचा विचारही करू नका, ते गरम असतानाच खायचे असतात. तिकडे निमाड-माळव्याचे आचारी दाल-बाफले करतील. बाफला म्हणजे आपल्या बट्टीचा मावसभाऊच. आधी पाण्यात उकळायचा, मग गोवऱ्यांच्या आरावर भाजायचा आणि तुपात बुडवायचा. तुमच्या माणसांना तो परका वाटणार नाही. सोबत ठेचा आणि बिबडे घरून न्या म्हणजे झालं. या गावजेवणाचा खर्च जिभाऊंना करायचा असेल तर करू द्या. तुम्ही हात धरलात तर त्यांना दुसऱ्यांदा दुखवाल. बसचा आणि खोल्यांचा खर्च भावाचा, हे आवतन देतानाच स्पष्ट सांगा, म्हणजे बहिणी-मेहुण्यांत कुजबुज होत नाही. आहेरही मांडवातच घ्या. पत्रिकेवर “आहेर आणू नये” छापलं तरी म्हातारी माणसं टॉवेल-टोपी आणणारच, आणि महेश्वरच्या हॉटेलात ती कुणाच्या हातात द्यायची हे त्यांना कळणार नाही.

तुझे यजमान म्हणतात मध्ये पडू नकोस. अर्धं खरं आहे. काम कर, निरोप्या होऊ नकोस. भावाचा निरोप तू जिभाऊंना सांगितलास तर तो निरोप उरत नाही, ताईनं भावाची बाजू घेतली असं होतं. भावाला गावी बोलाव. हा अंक तुझ्या हातात पडेल तेव्हा श्रावण लागलेला असेल. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी घरोघर आपली खानदेशची देवी कानबाई बसेल. तिच्या रोटांच्या प्रसादासाठी भाऊबंद एकत्र येतातच, पुण्या-मुंबईची पोरं रजा टाकून येतात. सगळं कूळ एका ओट्यावर असण्याचा वर्षातला हा दिवस आहे. सोमवारी नदीवर कानबाईचं विसर्जन झालं, मंडळी परत येऊन टेकली, की भावानं जिभाऊंजवळ बसावं. पहिलं वाक्य हे असावं: “जिभाऊ, मांडव कोणत्या दिवशी टाकायचा ते तुम्ही सांगा.” महेश्वरचं नाव त्यानंतर. आणि तोवर कुणाच्याही फोनवर पत्रिका जाता कामा नये. हॉटेलला पैसे भरायचेच असतील तर जिभाऊंशी बोलून झाल्यावर भरा. घरातल्या थोरल्याला बातमी शेजाऱ्याच्या फोनवरून कळली, तर पुढचे सगळे मानपान वाया जातात.

महेश्वरचं नाव घेताना भावाला काय बोलता येईल तेही सांगते. मी ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला, म्हणून ही गोष्ट माझ्या जिवाजवळची आहे. मल्हारराव होळकर लहानपणी वडील गेल्यावर आपल्या खानदेशात, तळोद्याला, मामा भोजराज बारगळ यांच्याकडे वाढले. मामांची मुलगी गौतमाबाई हीच पुढे त्यांची बायको झाली. १७६६ मध्ये मल्हारराव गेले. दुसऱ्याच वर्षी कारभार त्यांच्या सुनेच्या, अहिल्याबाईंच्या हातात आला, आणि त्यांनी महेश्वरला राजधानी केली. १७९५ मध्ये त्या गेल्या तोवर राज्य तिथूनच चाललं. महेश्वरी लुगडी विणणाऱ्या कोष्ट्यांना त्यांनीच तिथे वसवलं. मुलांना हे शिकवताना मी नकाशावर आधी तळोदे दाखवायची आणि मग सातपुड्याच्या पलीकडे महेश्वर. ज्या घराण्याच्या कर्त्या पुरुषाचं आजोळ नंदुरबार जिल्ह्यात, त्या घराण्याच्या राजधानीत आपलं वऱ्हाड जाणार आहे. बस्ता बांधताना आईसाठी आणि काकूंसाठी महेश्वरी घ्या.

जिभाऊंच्या मनात आणखी एक शंका असणार, ती ते बोलून दाखवणार नाहीत. बाहेरचं लग्न म्हणजे दारू आणि पोरांचा धिंगाणा. मध्य प्रदेश सरकारनं १ एप्रिल २०२५ पासून काही धार्मिक गावांत दारूबंदी केली आहे आणि त्यात महेश्वर आहे. भावाच्या मित्रांनाही हे आधी कळू दे. आणि घाट हे देवाचं ठिकाण आहे. तिथे भाविकांची ये-जा चालू असते. मंडप घालायचा, वाजंत्री लावायची तर स्थानिक परवानगी लागेल. ती हॉटेलवाला काढणार की आपण, हे लेखी करून घ्या. चातुर्मास संपला की नर्मदेची परिक्रमा सुरू होते, तेव्हा त्या दिवसांत घाटावर परिक्रमावासीही दिसतील. कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास स्नानाची गर्दी असते, ती तारीख टाळलेली बरी. पण जिभाऊंच्या वयाच्या माणसाला “हॉटेलात लग्न” ऐकून जेवढा राग येतो तेवढाच कार्तिकातलं नर्मदास्नान ऐकून ओढा वाटतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. भावानं त्यांना फक्त पहिलीच सांगितली होती.

लग्न गोरज मुहूर्तावर घाटापाशी लागणार असेल तर वेळ पाळा. त्या दिवसांत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मग अंधार झपाट्यानं पडतो. आपल्याकडच्या नाचत येणाऱ्या वरातीसारखं दोन तास मागे-पुढे केलं तर म्हातारी माणसं अंधारात दगडी पायऱ्या चढतील. पायऱ्यांवर खुर्च्या ठेवा, गुडघे दुखणाऱ्यांना धरून नेणारी दोन पोरं नेमून टाका, नदीकाठच्या गारव्याला शाली असू द्या. बस ठरवताना तिला दुसऱ्या राज्यात जायचा पर्यटक परवाना आहे का ते बघा. बिजासन घाटात ट्रकांची रांग लागते, म्हणून शिरपूरहून पहाटे निघा. घाटातल्या बिजासनी मातेला नारळ फोडून पुढे गेलात तर बसमधल्या बायका खूश होतील, मीही झाले असते.

आता आई. तिच्यावर तू दोनच ओळी लिहिल्यास, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. “तुम्ही करशात ते खरं” म्हणून चुलीकडे तोंड करून बसलेली बाई नाराज आहे असं तू धरून चाललीस. तिला लग्न गावात हवंय असंही धरलंस. विचारलंस का? मला एक वेगळंच दिसतं. वडील नाहीत. गावातल्या मांडवात देवकाला जिभाऊ आणि काकू बसतील. हळद लावायला सवाशिणी पुढे होतील. तुझी आई स्वयंपाकघरात, भांड्यांच्या हिशेबात, चुलीकडे तोंड करून. आत्ता बसते तशीच. स्वतःच्या मुलाच्या लग्नात मागच्या खोलीत राहायची तयारी ती कदाचित आतापासूनच करते आहे. मी अशा किती आया बघितल्या आहेत. माझी आई त्यातलीच होती, आणि मी शिकलेली, शिकवणारी मुलगी असून तिला हाताला धरून पुढे आणलं नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. कागद निघाला, तरी मांडवात कागद कुणी वाचत नाही. तिथे घरातल्याच कुणीतरी पुढे व्हावं लागतं. तुझ्याकडे दोन जागा आहेत. दारातल्या मांडवात पहिली हळद आईनं लावावी, आणि हे जिभाऊंनी स्वतः म्हणावं. तुझा भाऊ त्यांना मांडवाचा मान देतोय, तर त्याच्या बदल्यात एवढं मागायला हरकत नाही. आणि ते नाहीच झालं, काकू किंवा गावातल्या जुन्या बायका अडून बसल्या, तर महेश्वरच्या घाटावर आईनं मुलाशेजारी उभं राहायचं. जरीकाठाची महेश्वरी नेसून, व्याही-विहिणीसमोर, मुलाची आई म्हणून. त्या घाटावर तिला मागे सरक म्हणणारं कुणी नसेल. ते गाव नवऱ्यामागे जवळजवळ तीस वर्षं राज्य चालवलेल्या बाईचं आहे.

कदाचित तुझ्या आईला महेश्वरच हवं असेल आणि जिभाऊंसमोर बोलता येत नसेल. कदाचित नसेलही. संध्याकाळी तिच्याजवळ जा, चुलीपुढे बसून तिला विचार, आणि ती बोलायला लागली की तिच्या हातातलं पीठ काढून घे. भाकरी तू थाप.

प्रश्न

ताई, मी रावेरची, आता पुण्यात शिकते. मोठ्या बहिणीचं लग्न नोव्हेंबरअखेर गोव्यात आहे. आमची जिजी, म्हणजे आजी, ८२ वर्षांची आहे. तिला यायचंय. बाबा म्हणतात, एवढा प्रवास झेपणार नाही, तिला मोबाइलवर लग्न दाखवू. काय करावं?

— धाकटी, रावेर

उत्तर

डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं असेल तर जिजीला न्या. भुसावळहून मडगावला थेट गाड्या आहेत. गोवा एक्स्प्रेस पुणे-मिरजेवरून जाते आणि मंगला कोकण रेल्वेनं. गाडी बदलायची नाही, आडवं पडून जायचं, घरचं खाणं बरोबर. मोटारीत बसवून नेण्यापेक्षा हे तिच्या पाठीला कितीतरी सोपं. मात्र १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० नव्हे तर ६० दिवस आधीच उघडतं. ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेव आणि त्या दिवशी सकाळीच तिकीट काढायला बस.

जिजीचं तिकीट सगळ्यांच्या तिकिटात घालू नकोस. रेल्वेत ६० वर्षांवरच्या पुरुषांना आणि ४५ वर्षांवरच्या बायकांना खालच्या बर्थचा कोटा असतो, पण तो तिकिटावर एकटा किंवा दोघंच असतील तर. तुझी आई पंचेचाळिशीच्या पुढची असेलच, म्हणून जिजी आणि आई असं दोघींचं तिकीट वेगळं काढ. लग्नाच्या आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी पोचा, म्हणजे जिजीची झोप पूर्ण होईल. वाळूत चाकाची खुर्ची रुतते, तेव्हा मंडप किनाऱ्यावर असेल तर तिच्यासाठी फळ्यांची वाट करून घ्यायला आधीच सांग.

आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं तर मोबाइल चालेल, पण तो हातात देऊन सगळे निघून जाऊ नका. जिजीजवळ तिची एखादी लेक किंवा भाची बसलेली हवी, घरात गोड केलेलं हवं, जिजीच्या हातात अक्षता हव्यात. निघायच्या दिवशी नवरीनं तिच्या पाया पडून ओटी तिच्या हातानं भरून घ्यावी, मग स्टेशन गाठावं.